दाजींनी पुसलेले ठिपके

हां, तर दाजींनी दुकानाचं शटर गुडघ्याएवढं वर केलं आणि आतूनच वाकून हाळी दिली, “सूर्यभान, ये रे! तुझी नवरी सजवून ठेवलीय. बघ, वळखू येती का!”

इथंच काल बोलणं तुटलं होतं. पण जे काल लवकर उठून गेले त्यांना नवरी कोण हेच ठाऊक नाही, म्हणून दोन पावलं मागं जाणं आलं. नवरी म्हणजे अंगठ्याएवढी एक गोगलगाय. तीही शंख नसलेली, समुद्रातली. आणि तिला सजवणारे दाजी म्हणजे परभणीचे फोटोग्राफर दिनकरराव, सूर्यभानच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बहिणीचा नवरा म्हणून सूर्यभाननं त्यांना जन्मभर अहोजाहो केलं. दुसऱ्या कुठल्या गुणावर एवढा मान त्या माणसाच्या वाट्याला आला नसता.

सूर्यभान पेडगावचा. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं विहिरीत. गावात पोहणारे पुष्कळ होते, पण एका दमात तळ गाठून वर येणारा हा एकटाच. कुणाची कळशी पडली, कुणाच्या मोटारीच्या पाइपाखालची जाळी गाळात रुतली, की सूर्यभानला बोलावणं. वस्तू वर आली की हातात एक नारळ, आणि तो ओल्या अंगानं वळला की पाठीमागं ‘बेडूक चालला बेडूक’. ही आमच्याकडची कदर. ज्यांना घोटाभर ओढ्यात उतरताना धोतर मांडीपर्यंत धरावं लागे, तीच मंडळी यात पुढं. त्यांचा म्होरक्या बन्सीधर. याला विहिरीच्या कठड्याला टेकायचीसुद्धा भीती, पण चावडीवर बसून पाण्याबद्दल बोलायला लागला की वाटावं, पूर्णा नदी यानंच खोदली.

येलदरीच्या धरणाचे दरवाजे तपासायला एकदा कोकणातल्या ठेकेदाराचे पाणबुडे आले. सूर्यभान तीन दिवस काठावर नुसता बसून राहिला. चौथ्या दिवशी त्यांचा मोठा पाना हातातून सुटून पाण्यात गेला. रबरी कपडे कोण घालणार, टाकी कोण भरणार, याची त्यांची चर्चा चालू असतानाच सूर्यभान सदरा काढून आत गेला आणि पाना घेऊन वर आला. ठेकेदारानं विचारलं, “टाकी न लावता गेलास?” हा म्हणाला, “टाकी कशाला? श्वास तर माझा माझ्याजवळ हाय.” ठेकेदार हसला आणि त्याला सोबत घेऊन गेला. बन्सीधर म्हणाला, “गेलं बेडूक समुद्रात. खारं पाणी लागलं की येईल उड्या मारत माघारी.”

नाही आला. पाठीवर हवेची टाकी घेऊन, तोंडात नळी धरून खाली राहायला तो शिकला. श्वास सावकाश घ्यायचा, घाबरलं की हवा लवकर संपते. वर येताना आपल्याच बुडबुड्यांच्या पुढं जायचं नाही. विहिरीत तो दीड मिनिटाचा राजा होता. इथं तासभर तळाशी बसायला मिळालं आणि त्याला पहिल्यांदा कळलं, की आजवर आपण पाण्यात जाऊन काहीच पाहिलं नव्हतं.

काम होतं बंदराच्या धक्क्याचे खांब तपासायचं. जिथं सिमेंट तडकलंय तिथला फोटो काढायचा. त्यासाठी ठेकेदाराकडं एक जुना कॅमेरा होता, लोखंडी पेटीत घट्ट बसवलेला, वजनाला जात्याच्या पाळूएवढा. एका रोलवर बारा फोटो. खांबाजवळ गेलं की गाळ उठायचा, तो बसेपर्यंत थांबावं लागे. त्या थांबण्यात सूर्यभान बिघडला. इंजिनिअरला फक्त भेग पाहिजे होती. भेगेत कोण राहतं ते याला दिसायला लागलं. आठ हातांचा एक प्राणी खांबाला चिकटून खांबाच्याच रंगाचा व्हायचा आणि याच्या हाताची सावली पडली की पांढराफटक. वाळूत एक कोळंबी दिवसभर बीळ उपसायची आणि तिच्या दारात एक मासा पहाऱ्याला उभा असायचा. कोळंबीला धड दिसत नाही; तिची एक मिशी कायम माशाच्या अंगाला लागलेली. मासा हलला की ती आत.

हे सूर्यभाननं सुट्टीत आल्यावर बहिणीला, कस्तुराबाईला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, “म्हंजी आमच्या घरासारखंच की रे. एकटी राबती, दुसरा दारात हुबा. पर तो मासा निदान पहारा तरी देतो.” दाजी तिथंच पाटावर जेवत होते. त्यांनी आमटीची वाटी पुढं केली. आपल्याबद्दल बोललेलं त्यांना कधीच कळत नसे. तेवढं एक सुख देवानं त्यांना भरभरून दिलं होतं.

धक्क्यावर ओहोटीच्या वेळी एक बाई यायच्या, प्रमोदिनी मॅडम. कुठल्याशा संशोधन केंद्रातल्या. हातात भिंग, साडीचा काठ चिखलात. त्यांना टाकी लावून उतरता येत नव्हतं. त्यांनी सूर्यभानला सहज विचारलं, “खाली काय काय दिसतं हो?” आणि हा माणूस तासभर बोलला. पेडगावात इतक्या वर्षांत त्याला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बाईंनी त्याला एक वही दिली आणि सांगितलं, “सूर्यभानराव, किती फुटांवर होतं, कशावर बसलं होतं, काय खात होतं, एवढंच लिहायचं. हात लावायचा नाही, उचलून आणायचं नाही. आणि न पाहिलेलं एक अक्षर लिहायचं नाही.” नावापुढं ‘राव’ लावणारं ते त्याच्या आयुष्यातलं पहिलं माणूस.

वही भरत गेली. काम संपल्यावर रोलवर एखाददुसरा फोटो उरला तर ठेकेदार तो त्याला मारू द्यायचा. ते फोटो घेऊन तो पेडगावला आला. बन्सीधरनं आठ हातांच्या प्राण्याचा फोटो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि विचारलं, “किलोला काय भाव?”

“इकायचा न्हाई तो.”

“मंग फोटो काहून काढलास? इतकी वर्सं समुद्रात जायलास, एक पापलेट तरी आणायचास गावाला.”

सगळी चावडी हसली. ज्यांनी उभ्या आयुष्यात पापलेट पाहिलं नव्हतं तेही हसले.

एक्क्याऐंशीच्या मे महिन्यात, हंगामाच्या शेवटच्या बुडीत, बावीस फुटांवर, सातव्या खांबावरच्या स्पंजावर त्याला ती गोगलगाय दिसली. पांढरी, मऊ, अंगावर काळसर ठिपके आणि प्रत्येक ठिपक्याभोवती एक फिकट कडं. स्पंज खात होती. यानं पाण्यात लिहायच्या पाटीवर तिचं चित्र काढलं, ठिपके मोजले. तेवीस. कॅमेऱ्यात त्या दिवशी त्यानं स्वतःच्या पैशाचा रोल घातला होता. खांबांचे नऊ झाले होते, तीन उरले होते. तिन्ही त्यानं तिच्यावर खर्चले. पाटीवरचं चित्र वहीत उतरवून त्याची नक्कल मॅडमना पाठवली. त्यांचं उत्तर आलं: अशीच दिसणारी दुसरी एक जात आहे, तिच्या ठिपक्यांना कडं नसतं. कडी असतील तर आपल्या किनाऱ्यावर ही कुणी नोंदवलेली नाही. आमची यादी पंधरा जूनला छापायला जाते. फोटोत कडी स्पष्ट दिसली तर नोंद घेईन आणि पाहणारा म्हणून तुमचं नाव छापेन. फोटो नसेल तर मला काहीच करता येणार नाही.

छापील पुस्तकात सूर्यभानचं नाव! ते पत्र त्यानं इतक्यांदा उघडलं की घडीवर फाटलं. पाऊस लागला की समुद्र बंद. आता चार महिने कुणी खाली उतरणार नाही. जे काही होतं ते त्या तीन फोटोंत.

मग त्यानं तो रोल तिथंच बंदरावर का नाही धुऊन घेतला? शहाणा माणूस घेता. पण माणूस एरवी कितीही शहाणा असो, सोयऱ्यांपुढं त्याची अक्कल पातळ होते. याला वाटलं, दाजींच्या हातून धुवावा. इतकी वर्षं जेवताना ‘काय पाणबुडेसाहेब, किती बेडकं पाहिली?’ असं विचारणाऱ्या माणसानं एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं.

आता दाजींचा हुन्नर सांगतो. हैदराबादच्या एका उस्तादाकडून ते टचिंग शिकले होते. निगेटिव्ह उजेडाच्या पेटीवर ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं, अणकुचीदार शिसपेन्सिलीनं आणि पात्यानं काम करायचं. देवीचे वण बुजवायचे, तीळ उडवायचे, बसकं नाक उभं करायचं. लग्नाळू मुलींचे फोटो त्यांच्याकडं जिंतूर, सेलूहून यायचे. दाजींच्या दुकानातून बाहेर पडलेला प्रत्येक चेहरा उकडून सोललेल्या अंड्यासारखा. जिल्ह्यातल्या कितीक नवरदेवांना अंतरपाट दूर झाल्यावर वाटलं असेल, की ही दुसरीच कुणी उभी केली. दाजी याला कला म्हणत. वर ऐटीत सांगत, “डागाचा एक फोटो जर माझ्या दुकानातून बाहेर गेला, तर पाटी उतरवून ठेवीन.” पाटी उतरवली असती तर निदान शहराचं तोंड तरी खरं दिसलं असतं.

सूर्यभाननं रोल त्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, “दाजी, नवापर्यंत नुसते खांब हायेत. शेवटचे तीन महत्त्वाचे. तेवढे झ्याक काढा.”

हीच चूक. ‘आहेत तसे काढा’ म्हणायचं ते ‘झ्याक काढा’ म्हणाला. पण पाण्यातल्या माणसाला काय माहीत, कोरड्यावर झ्याक कशाला म्हणतात.

त्यात त्या आठवड्यात विद्यापीठाच्या नामांतराचा जोर. एक दिवस नामांतर व्हावं म्हणून बंद, दुसऱ्या दिवशी होऊ नये म्हणून बंद. बाजाराला दोन्ही सारखेच. एरवी दाजींना दिवसाला दहा गिऱ्हाइकं, एका चेहऱ्याला अर्ध्या तासावर वेळ मिळायचा नाही. आता अर्धं शटर ओढून माणूस आत तीन दिवस रिकामा. समोर उजेडाची पेटी, हातात पातं, आणि पेटीवर तीन निगेटिव्ह. रिकाम्या कलावंताइतकं धोक्याचं जनावर समुद्रात नाही.

चौथ्या दिवशी बाजार उघडला आणि दाजींनी ती हाळी दिली.

सूर्यभान वाकून आत गेला. दाजींनी लग्नाच्या फोटोला लावतात तसल्या सोनेरी काठाच्या पुठ्ठ्यात बसवलेला फोटो त्याच्या हातात दिला. खांब होता, स्पंज होता आणि स्पंजावर एक गुळगुळीत, पांढरंशुभ्र, ओळख नसलेलं काहीतरी बसलेलं होतं.

“ठिपके?” सूर्यभाननं विचारलं.

“त्येच तर!” दाजी खुर्चीतून अर्धे उठले. “लय तरास दिला बघ. पाण्यात काढलेला फोटो, त्यात परभणीचं हे बोअरचं पाणी. निगेटिव्ह वाळताना थेंबाचे डाग पडले, गोल गोल, कड्याकड्याचे. मला आधी वाटलं माझ्याच धुण्यात चुकलं. म्हणलं, मेव्हण्याचं काम हाय, बेइज्जती नको. एकेक कडं पात्यानं खरवडलं, एकेक ठिपका पेन्सिलीनं भरला. तिन्हीचं केलं. तीन दिवस मान वर केली न्हाई.”

सगळे थेंब नेमके गोगलगाईच्या अंगावरच कसे पडले, खांबावर एकही कसा नाही, हा प्रश्न तीन दिवसांत त्या डोक्यात एकदाही आला नव्हता. भिंगातून बघणाऱ्याला डाग दिसतात, जनावर दिसत नाही.

सूर्यभाननं निगेटिव्ह मागून घेतल्या. उजेडाला धरल्या. पेन्सिल पुसता आली असती. पण जिथं कडी होती तिथला फिल्मवरचा मसालाच पात्यानं निघून गेला होता. तिन्हींवर. तो खाली स्टुलावर बसला. बावीस फुटांवर कधी दम लागला नव्हता, तो इथं लागला.

“काय झालं? आवडला न्हाई?”

“दाजी, ते डाग नव्हते. तिचे ठिपके व्हते. जलमाचे.” आणि मग त्यानं घडीवर फाटलेलं पत्र काढून दाखवलं.

दाजींनी पत्र वाचलं. ‘नाव छापेन’ या ओळीवर बोट ठेवलं. माणूस वरमेल, असं कुणालाही वाटलं असतं. दाजी हसले.

“एवढंच ना? अरे, मग देतो की परत काढून! किती व्हते?”

“तेवीस.”

“कुठं कुठं व्हते ते वहीत हाय ना तुझ्या? दे इकडं. ब्रश हाय, शाई हाय. फोटोवर असे बसवतो, त्या बाईच्या बापाला कळणार न्हाई. वरून त्याचा फोटो काढतो, नवी निगेटिव्ह करतो. संध्याकाळच्या टपालाला टाक. दहाव्या दिवशी तुझं नाव पुस्तकात.”

सूर्यभाननं वही उघडून त्यांच्यापुढं ठेवली. हे सांगायला हवं, झाकायला नको. त्यानं ठेवली. तो तासभर तिथं बसला आणि दाजी त्या पांढऱ्या अंगावर ठिपके ठेवत गेले, एकेक, जीभ दातात धरून. हात बघत राहावा असाच. कडी खऱ्याहून गोल आली. सारखं अंतर, सारखा आकार, दारातली रांगोळीच. कस्तुराबाई चहा घेऊन आली, तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, “आता बरी दिसायली. आधीची रांडकीवाणी वाटत व्हती.”

“बघ,” दाजी म्हणाले. “आन् यात खोटं तरी काय? ठिपके व्हतेच ना?”

सूर्यभाननं फोटो वहीतल्या चित्राशेजारी धरला. खऱ्या ठिपक्यांत दोन एकमेकांत मिसळलेले होते, शेपटीकडचा एक अर्धवट होता. दाजींनी दोन सुटे करून टाकले होते, अर्धा पुरा करून टाकला होता. इथंही टचिंग. त्या माणसाला खोटंसुद्धा जसंच्या तसं काढता येत नव्हतं.

पंधरा तारखेला नऊ दिवस होते. नाव हवं होतं. बन्सीधरच्या तोंडावर ते पान धरायचं होतं, तेही खरं. पण त्यानं वही मिटली, फोटो पुठ्ठ्यासकट काउंटरवर ठेवला आणि टपाल कचेरीत जाऊन पत्र लिहिलं: ‘मॅडम, फोटो धुताना नासले. माझ्या घरच्या माणसाकडून नासले. मी पाहिली ती खरी, बावीस फुटांवर, पण तुम्हाला दाखवायला माझ्याकडं काही नाही. पाऊस संपल्यावर पुन्हा शोधीन.’

पुढच्या तीन हंगामांत त्यानं तो खांब चोवीस वेळा पाहिला. स्पंज होता. गोगलगाय पुन्हा दिसली नाही.

दाजींनी मात्र तो फोटो वाया घालवला नाही. दुकानाच्या काचेत लावला, मंत्र्याच्या आणि नवरीच्या फोटोंमध्ये. खाली सुरेख अक्षरात पाटी: ‘समुद्रतळाचे छायाचित्र. टचिंग: दिनकरराव.’ समुद्र कुठल्या दिशेला आहे हे विचारलं असतं तर त्यांनी रेल्वे स्टेशनकडं बोट केलं असतं.

त्याच वर्षीच्या, एक्क्याऐंशीच्या दिवाळीत मॅडमकडून यादीचं पुस्तक आलं. पातळ, राखाडी कव्हरचं. सूर्यभान ते घेऊन दाजींकडं भाऊबीजेला आला. दुकानात चार माणसं होती, पेडगावहून बाजाराला आलेला बन्सीधरही टेकला होता. दाजींनी पुस्तक हातातून ओढून घेतलं, बोट फिरवत फिरवत शेवटच्या पानापर्यंत गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “न्हाई की रे तुझं नाव! कुठंच न्हाई. त्या दिवशी माझं ऐकलं असतंस तर आज छापून आलं असतं. पाण्यात जलम घालवलास, हाती काय आलं?”

बन्सीधर फिस्सकन हसला. सूर्यभाननं दाजींच्या हातून पुस्तक परत घेतलं, अंगठ्यानं पुसलं, पिशवीत ठेवलं आणि अगदी मानानं, मेव्हण्यानं दाजींशी बोलावं तसं बोलला:

“न्हाई आलं, दाजी. तुमी बरोबर बोलायलात. पर ह्या पुस्तकात जेवढं छापलंय, तेवढं सगळं कुणी ना कुणी पाण्यात जाऊन पाहिलेलं हाय. तुमच्या दुकानातलं त्यात एक बी न्हाई. आता च्या सांगा, बिनसाखरेचा. टचिंग नको.”